मुखवटा उतरल्यावरची हाक

बाई, तुमच्या संस्कृतचा माझ्या हातून एकच सार्वजनिक उपयोग झाला, आणि तोही साबणाच्या पाण्यात. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एक साथ आली. आजीकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी तुम्ही सांगायचात ना, गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या, तशीच. फक्त या वेळी माळावर जायलाही बंदी होती. हात ठरावीक वेळ चोळून धुवायचे असा नियम होता आणि मनगटावर घड्याळ बांधायची मनाई होती. मी सुचवलं, ‘देव’ शब्द चालवा. देवः देवौ देवाः इथून निघून सावकाश सप्तमीला पोचलात की बोटांच्या बेचक्यासुद्धा स्वच्छ. मुख्य सिस्टर म्हणाल्या, “सर, आपल्या टाकीचं पाणी चतुर्थीलाच संपतं.” सफाईच्या मावशींनी मात्र विद्या लगेच घेतली. सगळ्या विभक्त्यांत त्या “देवा, देवा, देवा” एवढंच म्हणत, आणि हात त्यांचेच सगळ्यांत स्वच्छ असत. तुम्ही त्यांना पैकीच्या पैकी दिले असतेत. मला नसते दिलेत.

मी तिथे काय करत होतो हे आधी सांगायला हवं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाचं करायचं काय, हे जव्हारला कधी कळलं नाही, मलाही नाही. मग मी समाजकार्याची पदवी घेतली आणि सरकारी दवाखान्यात समुपदेशक झालो. शब्द संस्कृत आहे म्हणून अर्ज केलास, असं तुम्ही म्हणाल. तसं नाही, पण अगदीच नाही असंही नाही. लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हे माझं काम. यातलं दुसरं मला अजून नीट जमत नाही. साथीची दुसरी लाट आली तेव्हा जव्हार-मोखाडा रस्त्यालगतच्या एका रिकाम्या वसतिगृहात तात्पुरता विभाग उघडला आणि मला तिथे पाठवलं. मुलींचं वसतिगृह ते. भिंतींवर पाढे रंगवलेले. सत्तावीस नव्वे पाहत पाहत माणसं श्वास घेत असत.

रुग्णांच्या मनाची काळजी घ्यायला मला पाठवलं असेल असं मला वाटलं होतं. पण आल्या आल्या हातात एक गठ्ठा पडला: कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा अर्ज, अकरा प्रश्न. कुठल्या तरी थंड खोलीत कुणीतरी ते इंग्रजीतून मराठीत आणले होते. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस आनंददायी कृतींमध्ये रस वाटेनासा झाला आहे काय?’ मावशींना हा प्रश्न मी वाचून दाखवला. पाड्यावरच्या, पन्नाशीच्या, पायात प्लास्टिकच्या चपला. “आनंददायी म्हंजे कसली कृती ओ, सर? सकाळची मिश्री धरायची का?” मी म्हटलं, धरू. “मंग रस हाये.” मी ‘नाही’वर खूण केली. मुख्य सिस्टरना झोपेचं विचारलं. “लागते की. पण झोपेतही हात धुते. नवरा म्हणतो, चादर चोळून फाटली.” याला अर्जात चौकोन नव्हता. लातूरकडची एक तरुण डॉक्टर होती, तिनं अकराही प्रश्नांना ‘नाही, नाही’ केलं आणि बाहेर जाऊन कोपऱ्यातल्या झाडूला पाच मिनिटं झापलं. आडवा का पडला म्हणून.

खरं सांगू का बाई, मला त्या दिवसांत भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटायची. माणसं एवढं बघतात आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत येतात, ते कशाच्या बळावर? ते दुःख ठेवतात कुठे? मी जिथे शोधत होतो तिथे ते नव्हतं, एवढं मात्र कळत होतं.

अर्जाचा एक नियम होता. गुप्ततेसाठी कुणाचं नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. मला नियम आवडला. मावशी म्हणजे क्रमांक चार, सिस्टर एक, झाडूला झापणारी डॉक्टर दोन. आत विभागात तर नावं आधीच पुसली गेली होती. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं किट घातलं की सगळे सारखे. पाठीवर मार्करनं नाव लिहायचे, पण घामानं ते फिसकटायचं, आणि खाटेवरच्या माणसाला पाठ कोण दाखवतं? पाड्यावरून आलेले रुग्ण किटातल्या प्रत्येकाला ‘डॉक्टर’च म्हणत. मावशींना दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी विचारी, “डॉक्टर, मी वाचंन का?” आणि मावशी फरशी पुसता पुसता सांगत, “वाचशील. पाय उचल.”

आता क्रमांक सात. चाळिशीचा असेल, हाडानं बारीक, मिशी राखलेला. रुग्णांना आणायचं, न्यायचं, आणि ज्यांना आता कुणी विचारणार नव्हतं त्यांना गुंडाळून गाडीपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. जामसरच्या पुढे कुठेतरी त्याचा पाडा. भात, नाचणी, आणि उरलेल्या महिन्यांत कंत्राटावर ही नोकरी. आम्ही एकाच बाकावर बसून चहा पीत असू. मी त्याला ‘भाऊ’ म्हणे. तो मला ‘सर’. चांगलं चाललं होतं.

एका दुपारी मावशी नव्हत्या. त्यांनाच ताप आला होता आणि त्यांना वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. एरवी क्रमांक सातच्या किटाच्या मागच्या नाड्या त्याच बांधत. त्या दिवशी तो माझ्यापुढे पाठ करून उभा राहिला आणि मी बांधल्या. दोन गाठी, बुटाला मारतात तशा. तो आत गेला. तीन तासांनी त्यानं एका म्हातारीला गुंडाळून बाहेर नेलं, गाडीत ठेवलं, परत आला, किट उतरवलं, हात धुतले आणि आवारातल्या जांभळाच्या पारावर बसला. मी विचारलं, “भाऊ, चहा?” उत्तर नाही. “भाऊ, बरं वाटत नाहीये का?” नाही. माझ्याकडे सरळ बघतोय, डोळे स्वच्छ, पण तोंड बंद. मी अर्ज काढला. अकराही प्रश्न विचारले, मधे मधे शिकवल्याप्रमाणे गप्पही बसलो. तो डोळ्यांची उघडझाप करत होता, माशी हाकलत होता, आणि एक शब्द बोलत नव्हता.

बाई, मी घाबरलो, आणि घाबरलेला शिकलेला माणूस लिहायला बसतो. मी लिहिलं: ‘सदर कर्मचारी तीव्र आघातजन्य मूकावस्थेत असून बाह्य संबोधनास प्रतिसाद देत नाही. सेवेतून तात्पुरते मुक्त करून मानसोपचारार्थ संदर्भित करावे.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सही केली. त्याला एक प्रत देऊन गाडीनं घरी सोडलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांची वेळ मिळाली की बोलावू, असं ठरलं. त्या संध्याकाळी मी स्वतःवर थोडा खूश होतो. एवढं ठळक निदान पहिल्यांदाच हाती लागलं होतं.

चौथ्या दिवशी मी आवारातून जात असताना वरून आवाज आला. मावशी खिडकीच्या गजाला धरून उभ्या. ताप उतरला होता, पण अजून खाली यायची परवानगी नव्हती.

“ओ सर! त्याला घरी धाडला म्हंतात, खरा का?”

“खरं आहे मावशी. बोलेनासाच झाला तो.”

“बोलंल कसा? हाक मारली का कोनी?”

“मी मारली की. दहा वेळा. भाऊ, भाऊ केलं.”

“भाऊ तं गावभर हायेत! नावानं मारली का?” आणि मग त्यांचा आवाज बदलला. “त्या दिशी त्याच्या नाड्या कोनी बांधल्या?”

मी म्हटलं, मी.

मावशींनी कपाळावर हात मारला, तो खालपर्यंत ऐकू आला. “मंग तुमीच अडकवलाय त्याला. आता तुमालाच जावा लागंल.”

पुढचं सगळं त्यांनी त्या गजांतून ओरडून सांगितलं आणि मी खालून मान वर करून ऐकलं. आमच्या भागात बोहाडा होतो, देवांचे आणि दैत्यांचे लाकडी मुखवटे घालून सोंगं निघतात, हे तुम्ही इथे राहून पाहिलं आहे. या माणसाच्या घराकडे त्यातला एक मुखवटा नाचवायचा मान आहे, आज्यापणज्यापासून. आणि त्यांच्या घराची एक रीत आहे. मुखवटा उतरला तरी माणूस लगेच परत येत नाही. तोवर तो बोलला तर ते सोंगाचं बोलणं. ज्यानं मुखवट्याच्या दोऱ्या बांधल्या त्यानंच नाव घेऊन हाक मारायची, मग हा ‘हां’ म्हणणार आणि माणसांत येणार. किट म्हणजे सोंगच, असं यानं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. मावशी रोज नाड्या बांधत, आणि रोज तो हात धुऊन आला की हळूच नाव घेत. आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं. मावशींना मी विचारलं, हे अर्ज भरताना का नाही सांगितलंत? “तुमच्या अकरात हा कुठं व्हता?”

“बरं,” मी म्हटलं, “त्याचं नाव काय?”

आता मावशी हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. “दोन महिने एका बाकड्यावर चा पिलात, सर!”

त्या नाव ओरडल्या. ते ऐकून झाडाखाली उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनंही माझ्याकडे पाहिलं.

जामसरच्या फाट्यापर्यंत ड्रायव्हरनं सोडलं, पुढे मी चालत निघालो. मी ते नाव रस्ताभर घोकत होतो, विसरू नये म्हणून. आणि मला एकदम तुमचा वर्ग आठवला. मी नववीत आहे, मॉनिटर आहे. तुमचा घसा बसलाय, म्हणून तुम्ही हजेरीपट माझ्या हातात देता. मला लवकर संपवायचंय, म्हणून मी नुसते क्रमांक पुकारतो: एक, दोन, तीन. सगळं झकास चाललेलं असतं. तुम्ही डस्टर टेबलावर आपटता, खडूचा धुरळा उडतो, आणि त्या फुटक्या आवाजात म्हणता, “आकडे हजर आहेत, मला माहीत आहे. मुलं आलीत का ते विचार.” मग पहिल्यापासून सगळी नावं. पाड्यावरून येणारा एक मुलगा पटावरच्या नावाला ओच देत नसे. तुम्ही त्याच्या बाकापाशी जाऊन विचारलंत, घरी काय म्हणतात रे तुला? आणि पटावर पेन्सिलीनं ते लिहून घेतलंत. त्या दिवशी मला राग आला होता. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात शिकवणीला बसलो तेव्हाही मी फुगलेला होतो. तुम्ही पुण्याच्या, नाचणीची भाकरी तुमच्या हातून नेहमी तुटायची. त्या दिवशी चार तुकडे झाले. मी म्हटलं, बाई, पीठ उकळत्या पाण्यात घ्यायचं असतं. तुम्ही म्हणालात, “हे बघ, तुलाही मला शिकवता येतं. आता चेहरा सरळ कर.”

पाड्यावर पोचलो. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, उतारावर काळे चौकोन. अंगणात त्याचा थोरला भाऊ दावं वळत बसला होता. माझ्या तोंडावरचा मास्क पाहून तो उठला नाही. “पागलखान्याची गाडी कुठं ठेवलीत?” असं म्हणाला. मी सांगितलं, गाडी नाही. मी एकटाच आहे. धाकट्याची बायको दाराशी आली. “चार दिस झाला. जेवतो, लाकडा फोडतो, राब भाजला त्यानीच. बोलत नाय.” भावानं छपराच्या वाशातून माझा कागद काढला. चौपदरी घडी, नीट जपलेला. “यो वाचून घेतला मास्तरकडून. मास्तरला बी कळला नाय सगळा, पण डोक्याचा हाये बोलला. रविवारी गाव बसंल. डोक्याच्या मानसाला मुखवटा देत नाय. दुसऱ्या घरात जाईल आता मान.” आणि थोडं थांबून, “आमचा बाप नाचलाय त्यात. त्याचा बाप बी.”

माझं अक्षर चांगलं आहे, बाई. तुम्हीच वळण लावलंत. ते त्या वाशात चार दिवस खोचलेलं होतं.

तो खालच्या शेतात होता, पाठमोरा, राख पसरत. मी बांधावर उभा राहिलो. थोरला भाऊ माझ्या मागे येऊन थांबला. मला विचित्र वाटत होतं. मी विश्वास ठेवणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. ही रीत खरी की तो आजारी, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकेल का, हाही प्रश्न आहेच. पण नाड्या मी बांधल्या होत्या. मी मास्क खाली केला आणि त्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली, हजेरी घेतात तशी.

तो वळला. “हां, सर.”

मग राखेचे हात झटकत वर आला. “किती येळ लावलात,” म्हणाला. “फारम आणलाय का?”

आम्ही बांधावरच बसलो, मधे दोन हात जागा ठेवून. तो आधी पाणी प्याला. मग सांगू लागला. ती म्हातारी त्याच्याच पाड्यावरची होती, त्याची काकी लागायची. तिला आत आणलं त्यानंच. “मला डॉक्टर बोलली ती. डॉक्टर, माझ्या पोरांना सांगा, बोलली. मी बोललो नाय कोन हाय तो. किटात मी नसतो ना.” मी विचारलं, सांगावंसं नाही वाटलं? (अर्जात हा प्रश्न नव्हता.) हातावरची उरलेली राख चोळत तो म्हणाला, “सांगितला असता तं किटात मी आलो असतो. मंग तिला गुंडाळला कोनी असता?” आणि तेव्हा तो रडला, भावासमोर, अगदी साध्या माणसासारखा, नाक पुसत.

मी तिथेच पिशवीतला कागद काढून दुसरी चिठ्ठी लिहिली. ‘आधीचा कागद चुकीचा आहे. चूक माझी. हा माणूस ठीक आहे, थकला आहे, आणि कामावर परत हवा आहे.’ मोठ्यानं वाचून दाखवली. भावानं ती हातात घेतली, फिरवून पाहिली. “यो कागद बरा,” म्हणाला. “कळतो.” रविवारी गाव बसलं, पण मान त्याच घरात राहिला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला विचारलं, मग निदान काय लिहू? मी म्हटलं, बाह्य संबोधनात दोष. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

त्यानंतर आमच्याकडे एक गोष्ट सुरू झाली, कुणी ठरवलेली नाही. किट उतरवून, हात धुऊन जो बाहेर येई, त्याच्या नाड्या बांधणारा दारात उभा राही आणि नावानं हाक मारी. सिस्टर आधी हसल्या. मग एक दिवस त्यांना कुणी हाक मारायला विसरलं तर त्या दारातच खोळंबल्या. लातूरची डॉक्टर म्हणाली, मला ते डिग्रीवरचं नाव नको, आई जे म्हणते ते हवं; आणि ते कुणालाच कळू नये अशा आवाजात तिनं ते मला सांगितलं. म्हणून या पत्रात मी एकाचंही नाव लिहीत नाही. ती हाक मारायची नावं आहेत.

याचा उपयोग झाला का? कुतूहल अजून संपलेलं नाही. सिस्टरनी साथ ओसरल्यावर नोकरी सोडली. अजून हात धुतात, असं ऐकतो. डॉक्टर झाडूवर आता ओरडत नाही, हाताखालच्यांवर ओरडते, म्हणजे बहुधा बरी आहे. क्रमांक सात अजून कंत्राटावरच आहे. गेल्या बोहाड्यात सकाळी त्याचा मुखवटा उतरला तेव्हा मी तिथे होतो. दोऱ्या भावानं बांधल्या होत्या, हाकही त्यानंच मारली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमची ड्युटी नाय आज, सर.”

आज कपाट आवरताना ते अर्ज निघाले, आणि त्यांच्याखाली तुम्ही मला दिलेली शब्दरूपावली. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दिली होतीत, तुमची स्वतःची, शाळेत असतानाची. पहिल्या पानावर तुमच्या लहानपणच्या अक्षरात लिहिलंय ‘कु.’ आणि त्यापुढे वाळवीनं खाल्लेलं भोक आहे, मग आडनाव. मी ते भोक उजेडासमोर धरून पाहिलं. जुन्या शिपायाकडे गेलो, ते म्हणाले, “बाई म्हणजे बाई.” शाळेच्या दप्तरात फक्त आद्याक्षरं आहेत. तुम्ही गेलात तेव्हा फळ्यावर ‘आमच्या बाई’ असं लिहिलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं, छान वळणदार. एकोणीस वर्षं तुम्ही जव्हारात एकट्या राहिलात, रोज शंभर नावं घेतलीत, आणि घंटा झाल्यावर हात झटकून वर्गाबाहेर यायचात तेव्हा तुम्हाला नावानं हाक मारणारं इथे कुणी नव्हतं. हे मला आज दुपारी सुचलं, इतक्या उशिरा.

पाकीट समोर आहे. त्यावर काय लिहायचं ते मला माहीत नाही, आणि खरं म्हणजे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. पत्र शब्दरूपावलीत ठेवतो, त्या भोकाच्या पानाशी. तुमचं नाव काय होतं, बाई?